गावाआधी ठरलेली तारीख

केंटकीच्या जंगलात १८०० च्या सुमारास एखादा माणूस गेला, की शेजारचे दोघे-तिघे फळ्या तासून पेटी करत, खड्डा खणत आणि त्याला पुरत. कुणाला पाठ असेल ती प्रार्थना म्हटली जाई. पण मृताच्या नावानं बायबल उघडून दोन शब्द बोलायचे, सगळ्यांसमोर त्याला निरोप द्यायचा, हे काम मागे राही. ते व्हायचं कित्येक आठवड्यांनी. वाटा बंद असतील तर काही महिन्यांनी, धर्मोपदेशक घोड्यावरून त्या बाजूला येईल तेव्हा. जानेवारीत गेलेल्या बापाचं प्रवचन मे महिन्यात. तोवर कबरीवर गवत वाढलेलं असे, मका पेरून झालेला असे, आणि लांबलांबून आलेली माणसं त्या घरासमोर उभी राहून नव्यानं रडत.

लग्नंही उपदेशकाची वाट पाहत. बाप्तिस्मेही. एका घरातल्या तीन-चार लेकरांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी होई, कारण मधल्या काळात तिकडे कुणी फिरकलेलंच नसे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेची सरहद्द म्हटली की आमच्या पुस्तकांत कुऱ्हाड, बंदूक आणि कापडी छताचा गाडा एवढंच यायचं. आता मी मुलीकडे इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी राहते. इथल्या वाचनालयात पीटर कार्टराइट या मेथडिस्ट उपदेशकाचं १८५६ साली छापलेलं आत्मचरित्र हाती आलं आणि सरहद्दीचं ते चित्र मला अपुरं वाटू लागलं. जंगलात शिरलेल्या त्या माणसांकडे जमीन होती, हत्यारं होती, अंगात बळ होतं. नव्हता तो सगळ्यांचा मिळून एक दिवस. अमक्या तारखेला अमक्याच्या घरी आपण सगळे जमू, असं सांगणारं कुणी नव्हतं. ते काम फिरत्या उपदेशकानं केलं. तारीख आधी ठरली; तिच्याभोवती पुष्कळ ठिकाणी गाव नंतर वसलं.

कार्टराइटचा जन्म १ सप्टेंबर १७८५ चा, व्हर्जिनियातल्या ॲम्हर्स्ट परगण्यातला. वडील स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. पोर लहान असतानाच कुटुंब डोंगर ओलांडून केंटकीत आलं आणि पुढे लोगन परगण्यात स्थिरावलं. या भागाला लोक ‘रोग्ज हार्बर’, बदमाशांचं बंदर, म्हणत. पूर्वेकडून पळालेले घोडेचोर, खोटी नाणी पाडणारे, खुनी तिथे इतके होते की खटला उभा राहिला तरी एकमेकांच्या बाजूनं साक्षी देऊन सुटत. वैतागलेल्या बाकीच्यांनी आपली टोळी उभी केली, आणि दोन्ही बाजूंनी बंदुका-सुऱ्यांनिशी मारामाऱ्या झाल्या. दळण दळायची गिरणी चाळीस मैलांच्या आत नाही, वर्तमानपत्र नाही, शाळा म्हणावी अशी शाळा नाही. अशा ठिकाणी वडिलांनी पोराला शर्यतीचा घोडा आणि पत्त्यांचा कॅट दिला. आई श्रद्धाळू मेथडिस्ट. ती रडायची, समजावायची, प्रार्थना करायची. १८०१ साली एका लग्नातल्या नाचगाण्यातून घरी परतल्यावर या सोळाव्या वर्षाच्या मुलाला आपल्या जगण्याची एकाएकी भीती वाटली. काही महिने तो तळमळत राहिला. शेवटी त्यानं घोडा विकायला काढला, पत्ते आईच्या हाती दिले, आणि तिनं ते चुलीत टाकले. त्याच वर्षी एका उघड्यावरच्या मोठ्या सभेत त्याला मनःशांती मिळाली. वर्षभरात उपदेश करण्याची परवानगी हातात, आणि एकोणिसाव्या वर्षी, १८०४ मध्ये, तो मेथडिस्टांच्या वेस्टर्न कॉन्फरन्सचा रीतसर फिरता उपदेशक झाला.

फिरता म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं, कारण सगळी युक्ती त्यातच आहे. प्रेस्बिटेरियन पंथाला महाविद्यालयात शिकलेला पाळक हवा असे. असा पाळक मिळायचा कमी, आणि मिळाला तरी एका गावात घर घेऊन राहायचा. जिथे गावच नाही तिथे तो जाणार कसा? मेथडिस्टांनी हिशेब उलटा मांडला. माणूस कमी शिकलेला चालेल, पण तो एका जागी बसणार नाही. त्याला एक फेरी नेमून दिली जाई. दोन-तीनशे मैलांचं वर्तुळ, कधी त्याहून मोठं; त्यात वीस-तीस ठिकाणं. कुठे ओंडक्यांचं एकखोली घर, कुठे खळं, कुठे नुसती झाडाची सावली. चार ते सहा आठवड्यांत वर्तुळ पुरं करून तो पुन्हा पहिल्या घरी. साधारण वर्षा-दोन वर्षांनी त्याला दुसरी फेरी. खुर्जीत बायबल, स्तोत्रांचं पुस्तक आणि पंथाच्या शिस्तीचं पुस्तक. सोबत विकायची पुस्तकंही असत, कारण १७८९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या मेथडिस्टांच्या ग्रंथसंस्थेची विक्री याच खुर्जीतून होई. कार्टराइटला आपल्या प्रवचनांइतकाच पुस्तकं विकल्याचा अभिमान होता. ज्या घरात दुसरं छापील पान नव्हतं तिथे तो ते सोडून जात होता.

पगार १८०० पासून ठरलेला: अविवाहिताला वर्षाला ऐंशी डॉलर. ठरलेला, मिळालेला नव्हे. लोकांकडेच रोकड नव्हती. ते मोजे, लोकरीचं कापड, घोड्याला मका देत. ओहायोमधली मारिएटाची फेरी आटोपून कार्टराइट घराकडे निघाला तेव्हा घर पाचशे मैल दूर होतं आणि खिशात पाऊण डॉलर. घोडा आंधळा झालेला, खोगीर झिजलेलं, लगामाचे पट्टे पुन्हापुन्हा बदललेले, आणि कपड्यांना इतकी ठिगळं की मूळ कापड कुठलं ते सांगता येऊ नये. हे सगळं तो तक्रार म्हणून लिहीत नाही. त्याच्या आयुष्यात ते पावसासारखंच होतं. वादळी दिवशी बाहेर दोघंच दिसतात, कावळे आणि मेथडिस्ट उपदेशक, असं त्या मुलखात लोक म्हणत.

पण उपदेशक निघून गेल्यावर पुढच्या चार आठवड्यांचं काय? मला सगळ्यात थोर वाटते ती ही मधल्या आठवड्यांची व्यवस्था. प्रत्येक ठिकाणी दहा-बारा जणांचा एक वर्ग असे. त्याचा प्रमुख त्यांच्यातलाच एखादा शेतकरी किंवा लोहार. दर आठवड्याला वर्ग भरे, आणि प्रमुख एकेकाला विचारी: कसं चाललंय तुझं? दारू सुटली का? बायकोशी धड बोलतोस का? मैलभर शेजार नसलेल्या रानात आठवड्यातून एकदा कुणीतरी तोंडावर असं विचारणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. तीन महिन्यांतून एकदा सगळ्या फेरीची मिळून बैठक होई, शनिवार-रविवार. तिथे हिशेब होत, तक्रारी ऐकल्या जात, आणि प्रेमभोजन होई. त्यात फक्त पाव आणि पाणी. ते एकाच भांड्यातून घेऊन एकेकानं उठून आपल्या आयुष्याबद्दल बोलायचं. यात बायकाही बोलत. ज्या समाजात बाईला मत नव्हतं आणि लग्नानंतर मालमत्ता नवऱ्याची होई, तिथे ती उभी राहून बोले आणि पुरुष ऐकून घेत.

भांडणंही इथेच मिटत. पंथाच्या शिस्तीच्या पुस्तकात कलम होतं: दोन सभासदांत देण्याघेण्याचा वाद झाला तर फेरीच्या उपदेशकानं चौकशी करायची, वादीनं एक पंच निवडायचा, प्रतिवादीनं एक, आणि त्या दोघांनी मिळून तिसरा. आधी इथे न येता जो परस्पर कचेरीत जाईल त्याला मंडळीतून काढता येई. रोग्ज हार्बरमधलं पोर हे पुस्तक खुर्जीत घालून फिरत होतं. ज्यानं न्यायासाठी बंदुकीच्या टोळ्या लढताना पाहिल्या, त्याला तीन पंचांचं मोल वेगळं सांगावं लागलं नसेल.

आता त्या उघड्यावरच्या सभांकडे येते. ‘कॅम्प मीटिंग’ म्हणून अमेरिकेच्या इतिहासात त्यांचं नाव आहे, आणि त्यांची टिंगलही पुष्कळ झाली आहे. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथे जी सभा भरली तिला दहा ते पंचवीस हजार माणसं आली असावीत असे त्या काळातले अंदाज आहेत. त्या वेळी राज्यातलं सर्वांत मोठं गाव लेक्सिंग्टन, आणि त्याची लोकवस्ती १८०० च्या शिरगणतीत १,७९५. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या गावाच्या कितीतरी पट माणसं एका माळावर, गाड्यांत आणि तंबूंत, आठवडाभर. एका वेळी अनेक उपदेशक बोलत होते. कुणी गाडीवर उभा, कुणी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट सगळे. पुढे प्रेस्बिटेरियन पुढाऱ्यांना हा आरडाओरडा मानवला नाही आणि ते मागे सरले. मेथडिस्टांनी मात्र अशा सभांची शिस्त बसवली. चौकोनात तंबू, मध्ये फांद्यांचा मांडव, समोर फळ्यांचं व्यासपीठ, स्त्रिया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. रात्री उंच ओट्यांवर माती पसरून त्यावर आगट्या पेटवायच्या, म्हणजे सगळं मैदान उजळे. शिंग फुंकलं की प्रार्थना, शिंग फुंकलं की झोप. वेळ उन्हाळा सरतानाची, मक्याची मेहनत संपून कापणी यायच्या आतली.

माणसं ओरडत, कोसळत. काहींच्या अंगाला असे झटके येत की टोप्या उडत, बायकांचे केस सुटत. एका सभेत पाचशे माणसांना एकदम झटके येताना पाहिल्याचं कार्टराइट लिहितो. शहरी लेखकांनी याला वेड म्हटलं. मी ते वाचते तेव्हा मला त्या माणसांचं बाकीचं वर्ष आठवतं. झाडांच्या भिंतीत अडकलेली घरं. तापानं गेलेली मुलं. ज्या बाईनं अकरा महिन्यांत नवरा-मुलांखेरीज कुणाचा चेहरा पाहिला नाही, ती हजार माणसांत उभी राहिल्यावर आधी रडणारच. सभेच्या कडेला घोड्यांचे सौदे होत, लग्नं जुळत, पूर्वेच्या बातम्या कळत, कुणाचा भाऊ कुठे वसला ते समजे. हे सगळं धर्माच्या आडून चाललं होतं असं मी म्हणणार नाही. त्या माणसांना धर्म आणि भेट या दोन गोष्टी अलग ठाऊकच नव्हत्या.

दारू विकणारे गाडे घेऊन सभेच्या कडेला येत, आणि गुंडही येत. मॅजिस्ट्रेट घाबरले तर कार्टराइट स्वतः व्यासपीठावरून उतरून टोळीच्या म्होरक्याला जमिनीवर लोळवत असे. तो धिप्पाड होता आणि या आठवणी त्यानं चवीनं लिहिल्या आहेत. त्याच्या नावावरच्या मारामाऱ्यांच्या कथा पुढे इतक्या वाढल्या की बाकीचा माणूस त्यांखाली झाकला गेला. नॅशव्हिलचा एक प्रसंग मात्र सांगायला हवा. १८१८ साली तो तिथे प्रवचन करत असताना जनरल अँड्र्यू जॅक्सन आत आले. न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचा हा वीर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. तिथल्या पाळकानं घाबरून कार्टराइटचा कोट ओढला आणि कानात नाव सांगितलं. कार्टराइटनं सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं: जनरल जॅक्सन आले तर आले, पश्चात्ताप केला नाही तर देव त्यांनाही सोडणार नाही. जॅक्सननी पुढे त्याचं कौतुकच केलं. फिरत्या उपदेशकाकडे ही हिंमत कुठून येत होती? एक कारण साधं आहे. त्याचा पगार त्या गावातला कुणी बडा माणूस देत नव्हता, आणि महिन्याभरात तो तिथे असणारही नव्हता.

१८११ च्या डिसेंबरपासून पुढचे काही महिने न्यू माद्रिदच्या भूकंपांनी मिसिसिपीचं खोरं हादरलं तेव्हा हजारो माणसं मंडळीत शिरली. धरणी शांत झाल्यावर त्यांतली पुष्कळ गळाली. कार्टराइटनं दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत.

१८०८ साली त्यानं फ्रान्सेस गेन्सशी लग्न केलं. लग्नाचा दिवस हाच तिचा एकोणिसावा वाढदिवस. १८२४ मध्ये हे कुटुंब केंटकी सोडून इलिनॉयच्या सँगमन परगण्यात आलं. कारणं त्यानं स्वतः दिली आहेत: जमीन थोडी, मुलं वाढती, आणि केंटकीत गुलामगिरी. आपल्या मुली गुलाम बाळगणाऱ्या घरांत पडतील याची त्याला भीती वाटत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इलिनॉयच्या मतदारांनी राज्यात गुलामगिरी आणण्यासाठी घटना-परिषद बोलावण्याचा प्रस्ताव ६,६४० विरुद्ध ४,९७२ मतांनी फेटाळला होता. शरदात कार्टराइटांचे गाडे निघाले. वाटेत एका रात्री उघड्यावर झोपलेले असताना झाड कोसळून त्यांची मुलगी सिंथिया जागीच गेली. इतरांच्या मृतांसाठी महिन्यांनी जाऊन प्रवचन करणाऱ्या या माणसानं आपलं पोर अनोळखी मुलखात पुरलं आणि गाडे पुढे हाकले. आत्मचरित्रात ही हकिकत अगदी थोडक्यात आहे. मला ते पान ओलांडून पुढे जाता येईना.

जिथे ते वसले ती जमीन १८१९ पर्यंत किकापू लोकांची होती. एडवर्ड्सव्हिलच्या तहात ती त्यांच्याकडून सुटली. कार्टराइट पॉटावाटोमी लोकांमधल्या मिशनची देखरेखही करत होता. त्याचा जुना सहकारी जेसी वॉकर फॉक्स नदीकाठी ते मिशन चालवत होता. १८३३ च्या शिकागोच्या तहानं पॉटावाटोमींनाही मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. नव्या समाजाच्या जोडणीची ही कथा मी प्रेमानं सांगते आहे, पण ती जोडणी दुसऱ्यांच्या उठवलेल्या घरांवर झाली. कार्टराइटनं या लोकांच्या आत्म्याची काळजी केली. त्यांच्या जमिनीबद्दल त्यानं तेवढी केली नाही. गुलामगिरीबद्दलही त्याचं मन असंच अर्ध्यावर थांबलेलं. ती त्याला पाप वाटे, म्हणून त्यानं राज्य सोडलं. १८४४ च्या न्यू यॉर्कच्या परिषदेत गुलामांचे मालक असलेल्या बिशप अँड्र्यूंना बाजूला करण्याच्या बाजूनं तो राहिला, ज्यावरून मेथडिस्ट पंथ दुभंगला. पण गुलामगिरी ताबडतोब संपवा म्हणणाऱ्यांवरही तो तितकाच चिडे. मंडळी फुटू नये ही त्याची सर्वांत मोठी इच्छा. आयुष्यभर माणसं एकत्र आणणाऱ्याला फूट हेच सगळ्यात मोठं संकट वाटलं. ज्या लाखोंच्या पाठीवर चाबूक होता, त्यांना मात्र त्या एकीचा काही उपयोग नव्हता.

लिंकनशी त्याचा संबंध सगळ्यांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. १८३२ साली विधानसभेच्या निवडणुकीत सँगमन परगण्यातून चार जण निवडून आले, त्यांत कार्टराइट. तेवीस वर्षांचा अब्राहम लिंकन आठवा आला. १८४६ साली दोघे काँग्रेससाठी समोरासमोर उभे राहिले आणि लिंकन ६,३४० विरुद्ध ४,८२९ मतांनी जिंकला. त्या प्रचारात लिंकन नास्तिक असल्याची कुजबुज उपदेशकाच्या गोटातून पसरली, आणि लिंकनला छापील पत्रक काढून खुलासा करावा लागला. ही गोष्ट कार्टराइटला शोभली नाही.

तेरा वर्षांनी हेच दोघे न्यायालयात एका बाजूला आले. कार्टराइटच्या घराजवळचं गाव प्लेझंट प्लेन्स. जुलै १८५९ मध्ये तिथल्या औषधाच्या दुकानात झटापट झाली आणि पीची क्विन हॅरिसननं ग्रीक क्राफ्टनला सुरा मारला. ग्रीक थोड्याच दिवसांत गेला. क्विन हा कार्टराइटचा नातू. ग्रीक लिंकनच्या कचेरीत वकिली शिकलेला. आणि क्विनची बहीण ग्रीकच्या भावाला दिलेली. मरणाऱ्या पोराच्या उशाशी बसायला म्हातारा उपदेशक गेला, जसा तो त्या मुलखात प्रत्येक घरी जात आला होता. खटल्यात लिंकन क्विनचा वकील. कार्टराइटनं साक्ष दिली: ग्रीक मला म्हणाला, हे मीच माझ्यावर ओढवून घेतलं, आणि मी क्विनला क्षमा केली आहे. मारेकऱ्याच्या आजोबानं सांगितलेले मृताचे शब्द ऐकावेत की नाही, यावर वकिलांची जोरदार बाचाबाची झाली. न्यायाधीशांनी ते ऐकले, आणि पंचांनी क्विनला निर्दोष सोडलं. या खटल्याचं हातानं लिहिलेलं पूर्ण टिपण १९८९ साली कॅलिफोर्नियात एका घराच्या गॅरेजमध्ये सापडलं.

कार्टराइट खोटं बोलला का, असा प्रश्न आजही विचारला जातो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या गावात दोन्ही घरांच्या दारातून आत जाऊ शकणारा, मरणाऱ्याचे शब्द ज्याच्याकडे ठेवता येतील असा, एकच माणूस होता. बारा पंचांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

तोपर्यंत काळ पालटला होता. आगगाडी आली, गावं वसली, फेऱ्या आखडल्या. उपदेशकांना घरं मिळाली, चर्चला मनोरा आला, आत वाद्य आलं, बाकांना भाडं लागलं. कार्टराइट यावर मनापासून चिडे. नव्या उपदेशकांना त्यानं पुष्कळ सुनावलं आहे. त्याचा राग मला कळतो, पण पटत नाही. लोकांना दर रविवारी उपदेशक मिळू लागला, मेलेल्या माणसाला त्याच आठवड्यात निरोप मिळू लागला, हे त्याच्याच कष्टांचं फळ होतं. आणि शिकलेल्या पाळकांवर तोंडसुख घेणारा हा माणूस शाळा-महाविद्यालयं काढण्यात पुढे होता. आमच्या ब्लूमिंग्टनमधलं इलिनॉय वेस्लियन विद्यापीठ १८५० सालचं. त्याच्या संस्थापकांत त्याचं नाव आहे.

आत्मचरित्राच्या शेवटी तो हिशेब मांडतो: पहिली वीस वर्षं वर्षाला चारशे, पुढची तेहतीस वर्षं वर्षाला दोनशे, अशी १४,६०० प्रवचनं. पाचशे अंत्यविधींची प्रवचनं. आठ हजार मुलांचे आणि चार हजार मोठ्यांचे बाप्तिस्मे. फ्रान्सेसचा हिशेब यात नाही. नऊ मुलं, शेत, गुरं, आणि नवरा फेरीवर असताना तिच्या दारी उतरणारे सगळे उपदेशक. तिनं किती भाकरी भाजल्या, किती घोड्यांना दाणा घातला? सँगमनमध्ये मंडळी तिच्या घरातही भरली. सभेची तारीख उपदेशक ठरवत असे. त्या तारखेला घर उघडं ठेवणारी ती होती, आणि प्रत्येक फेरीवर अशी वीस-तीस घरं होती.

ही पद्धत आमच्या मुंबईपर्यंत पोचली, आणि तीही कार्टराइटच्या हयातीत. विल्यम टेलर हाही व्हर्जिनियाचाच, १८२१ चा जन्म, तिथल्या डोंगरांत घोड्यावरून फेऱ्या केलेला. १८४९ मध्ये सोन्याच्या लाटेत तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या चौकात, जुगाराच्या अड्ड्यांसमोर, उघड्यावर प्रवचनं करू लागला. १८७१ च्या अखेरीस तो मुंबईत आला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ पासून होते. त्यांच्या शाळा होत्या, छापखाना होता. टेलरनं परदेशातून पैसा आणायचा नाही असं ठरवलं आणि घराघरांत छोटे वर्ग सुरू केले. आठवड्याचा वार ठरलेला, प्रमुख त्यांच्यातलाच एक. येणाऱ्यांत बरेच अँग्लो-इंडियन, आणि रेल्वेत व कचेऱ्यांत काम करणारे इंग्रजी बोलणारे लोक. नोकरीसाठी आलेली, बदलीवर फिरणारी, मूळ गावापासून तुटलेली ही माणसं. १८७२ च्या सुरुवातीला त्यांची मेथडिस्ट मंडळी रीतसर स्थापन झाली. मुंबईत १८४८ पासून फकिरासारखे राहणारे जॉर्ज बोवेन तिला येऊन मिळाले. त्यांच्या नावाचं चर्च अपोलो बंदराजवळ आजही आहे.

पीटर कार्टराइट २५ सप्टेंबर १८७२ रोजी प्लेझंट प्लेन्सला वारला. त्या वेळी मुंबईतल्या घरांमधून हे आठवड्याचे वर्ग भरत होते, आणि प्रमुख एकेकाला विचारत होता, कसं चाललंय तुझं?